तीन भोकांच्या ब्लेडचा जुना रेझर आणि आजचं पातळ ब्लेड: एका दुरुस्तीची नोंद

पार्श्वभूमी

हा रेझर पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला, एका रविवारी, अडकित्ते आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगात. घेणारे गृहस्थ ४५ वर्षांचे, चिंचवडच्या एका टूलरूममध्ये कामाला. रेझरचे भाग तीन: वरची वळणदार टोपी, खालची दातेरी प्लेट म्हणजे फणी, आणि पोकळ हँडल. टोपीच्या पोटात मधोमध आट्यांचा दांडा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पिना. डबीत जुन्या ब्लेडचं अर्धवट पाकीटही होतं. त्या ब्लेडना लांब खाच नव्हती, एका ओळीत तीन गोल भोकं होती.

या तीन भोकांवरून रेझरचं घराणं लगेच कळतं. किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने १९०३ साली विक्री सुरू केली. त्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. अमेरिकी पेटंट १५ नोव्हेंबर १९०४ रोजी मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले आणि हा घाट जगभर पोचला. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनीही तो काढला, त्यामुळे पुसट छापाचा हा तुकडा नेमका कोणत्या कारखान्यातला याला दुरुस्तीच्या दृष्टीने फारसं महत्त्व नाही. संग्राहक या घाटाला ‘ओल्ड टाइप’ म्हणतात.

१९३० मध्ये जिलेटने रेझरचं डोकं आणि ब्लेड दोन्ही बदललं. नव्या ब्लेडला मधोमध लांब खाच आली आणि कोपरे कापले गेले. ही खाच अशी आखलेली आहे की जुन्या रेझरचा दांडा आणि पिनाही तिच्यातून जातात. म्हणजे नवं ब्लेड जुन्या रेझरमध्ये बसतं, पण तीन भोकांचं जुनं ब्लेड नव्या रेझरमध्ये बसत नाही. आज किराणा दुकानात मिळणारं दुधारी ब्लेड त्याच वळणाचं आहे.

म्हणून ‘बसेल का?’ या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळालं. बसलं. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली.

अडचण

रेझर धुऊन-पुसून चांगला दिसत होता. चांदीचा मुलामा बराचसा शाबूत, फक्त कडांना पितळ उघडं पडलेलं. या जुन्या पोकळ हँडलना आट्यांजवळ अनेकदा उभी चीर पडलेली असते, ती इथे नव्हती. पहिल्या दाढीला हनुवटीवर ब्लेड थरथरलं आणि गालापेक्षा वेगळाच कुरकुर आवाज आला. दुसऱ्या दिवशी उजव्या जबड्याखाली तीन बारीक जखमा झाल्या, एकाच ओळीत.

पुढचे तीन आठवडे ब्लेडची कंपनी बदलण्यात गेले. चार प्रकारची ब्लेड झाली. कोणत्याने जखमा कमी झाल्या, कोणत्याने जास्त, पण थरथर आणि जखमेची जागा तीच राहिली. इथे एक गोष्ट हातातून निसटली. आजची नेहमीची दुधारी ब्लेड सगळी जवळपास ०.१० मिमी जाडीची असतात. कंपनीनुसार धार लावण्याची पद्धत आणि धारेवरचा लेप बदलतो, जाडी नाही. चार कंपन्या फिरूनही तक्रार त्याच जागी राहते, तेव्हा दोष ब्लेडच्या बाहेर शोधायला हवा.

मग गृहस्थांनी एक प्रचलित उपाय केला. वापरलेल्या ब्लेडच्या दोन्ही धारा कापून उरलेली पट्टी चालू ब्लेडच्या खाली घातली. रेझर वापरणाऱ्यांमध्ये याला शिम घालणं म्हणतात, कारखान्यातलाच शब्द. थरथर खरोखरच कमी झाली. पण उजव्या जबड्याखालची जखम आता बारीक राहिली नाही. तुरटी लावूनही रक्त थांबायला दहा मिनिटं लागली. त्यानंतर रेझर आमच्याकडे दुरुस्तीसाठी आला, सोबत ते जुनं पाकीट आणि कापलेली पट्टीही. गृहस्थांचं म्हणणं एवढंच होतं, “फिट तर बसतंय हो, मग कापतंय कशाला?”

जाडीचा हिशेब

आधी पाकिटातलं तीन भोकांचं ब्लेड मायक्रोमीटरवर घेतलं. कडांना गंज होता, म्हणून गंज नसलेल्या मधल्या भागावर तीन ठिकाणी मोजलं. तिन्ही वेळा ०.१५ मिमी भरलं. हे अपेक्षितच होतं. सुरुवातीची जिलेट ब्लेड इंचाच्या ०.००६, म्हणजे ०.१५ मिमी जाडीची असत. इंचाच्या ०.००४ चं पातळ ब्लेड त्या कंपनीने १९३८ मध्ये आणलं आणि पुढे तेच सगळीकडे रूढ झालं. आजचं ब्लेड मोजलं, ०.१० मिमी.

फरक ०.०५ मिमीचा, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण त्याचे परिणाम दोन आहेत आणि ते वेगवेगळे समजून घ्यायला हवेत, नाहीतर शिम आंधळेपणाने घातली जाते.

पहिला परिणाम ताठपणाचा. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी दीडपट तर ताठपणा साधारण ३.४ पट. उलट पाहिलं तर, टोपीच्या पकडीबाहेर जितकी धार मोकळी राहते तितक्या भागात आजचं ब्लेड जुन्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ताठ आहे. हनुवटीवरचे राठ केस लागले की ते वाकतं, सुटतं, पुन्हा वाकतं. थरथर ती हीच. आपल्याकडच्या सलूनमध्ये हेच ०.१० मिमीचं ब्लेड मधोमध मोडून अर्धं उस्तऱ्यात लावतात आणि तिथे ते अजिबात थरथरत नाही, कारण उस्तऱ्याच्या जबड्यातून त्याची जेमतेम कड बाहेर असते. ब्लेड किती जाड आहे यापेक्षा ते कुठपर्यंत पकडलेलं आहे, हा मुद्दा इथे मोठा.

दुसरा परिणाम उंचीचा. ब्लेड फणीच्या प्लेटवर टेकतं आणि धार जाडीच्या मध्यावर असते. जुन्या ब्लेडची धार टेकूच्या वर ०.०७५ मिमी यायची, नव्याची ०.०५० मिमी येते. म्हणजे धार ०.०२५ मिमी खाली बसते. हा फरक हाताला कळणारा नाही. आता खाली ०.१० ची पट्टी घातली की धार ०.१५० वर जाते, मूळ जागेच्या ०.०७५ मिमी वर. जुना रेझर जसा होता तसा करण्याच्या नादात तो जसा कधीच नव्हता तसा होतो. कापलेल्या ब्लेडची शिम जुन्या घाटात नको तितकी आक्रमक वाटते ती यामुळे. ०.०५ ची शिम घातली तर ब्लेड आणि शिम मिळून जाडी बरोबर ०.१५ होते आणि धार ०.१०० वर येते. मूळ जागेपेक्षा ०.०२५ वर, पण सहन होण्याजोगी.

एवढा हिशेब झाल्यावरही एक गोष्ट त्यात बसत नव्हती. ब्लेडच्या जाडीने होणारा त्रास ब्लेडच्या पूर्ण लांबीवर, दोन्ही बाजूंना सारखा व्हायला हवा. इथे जखमा मात्र एकाच ठिकाणी होत होत्या.

पर्याय

टेबलावर पर्याय चार होते.

रेझर शोभेसाठी ठेवायचा आणि वापरायला नवा घ्यायचा. गृहस्थांना रेझर वापरायचाच होता, त्यामुळे हा बाजूला पडला. पण आम्ही तो पूर्ण सोडला नव्हता. फणीला चीर आढळली असती तर सल्ला हाच दिला असता.

पाकिटातली मूळ ब्लेड वापरायची. हा पर्याय कोणीही घेऊ नये. मुलाम्याशिवायचं कार्बन पोलाद, धारेवर गंजाचे खड्डे. मापाला बरोबर असलं तरी ते ब्लेड चेहऱ्यावर नेण्याच्या लायकीचं नाही.

शिमची जाडी बदलत राहायचं. गृहस्थांचा कल याच्याकडे होता. ०.०५ चा पितळी शिमचा पत्रा त्यांना टूलरूममध्येच मिळत होता.

चौथा, शिम पूर्ण काढून ठेवायची आणि आधी रेझरचं डोकं तपासायचं. हाच निवडला. ज्या दोषाचं ठिकाण ठरलेलं आहे तो सगळीकडे सारखी जाडी वाढवून जाणार नाही, एवढं साधं कारण त्यामागे होतं. इथे आमच्यात मतभेदही झाला. गृहस्थांना वाटत होतं की दोन्ही एकदम करून एक दिवस वाचवावा. तसं केलं असतं तर कोणत्या बदलाने काय झालं ते कळलं नसतं, म्हणून नकार दिला.

तपासणी

पहिली तपासणी बिनअवजाराची आहे आणि ती प्रत्येकाने घरी करावी. फणीच्या खालच्या अंगाला एका बाजूवर मार्करने ठिपका दिला. एक दाढी तशीच केली, जखम कोणत्या बाजूने आणि कोणत्या टोकाने होते ते पाहिलं. मग टोपी आणि ब्लेड तसंच ठेवून फणी अर्धा फेरा फिरवून बसवली. दुसऱ्या दाढीला तक्रार ठिपक्याबरोबर फिरली. म्हणजे दोष ब्लेडमध्ये नाही, टोपीत नाही, फणीत आहे. ब्लेडची कंपनी बदलण्यात गेलेले तीन आठवडे या दोन दाढ्यांत वाचले असते.

दुसरी तपासणी फीलर गेजने, म्हणजे गॅरेजवाले स्पार्क प्लगचा गॅप पाहतात त्या पात्यांच्या गेजने. नवं ब्लेड बसवून, धार आणि फणीच्या दात्यांमधली फट प्रत्येक बाजूला डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजली. गेज धारेला घासलं की ते ब्लेड दाढीला निकामी होतं, म्हणून मोजायला एक ब्लेड वेगळं काढून ठेवावं. पात जोर लावून घुसवायची नाही. जी अलगद जाते आणि पुढची अडते, ते माप धरायचं.

ठिपक्याच्या बाजूला डावीकडून मापं आली ०.९०, ०.६५, ०.६० मिमी. पलीकडच्या बाजूला ०.६०, ०.६०, ०.६५.

चित्र स्पष्ट झालं. ठिपक्याच्या बाजूचा डावा कोपरा खाली झुकलेला होता. पोलादी पट्टी दात्यांच्या ओळीला लावून खिडकीच्या उजेडात धरली, तर शेवटचे तीन दाते पट्टीपासून सुटलेले दिसत होते. केव्हातरी रेझर त्या कोपऱ्यावर पडला असणार. या घाटाची फणी पातळ पितळेची आणि कोपऱ्यांना आधार नसलेली, त्यामुळे ती पडून वाकणं नेहमीचं. रुंद फटीत गळ्याची मऊ कातडी आत फुगते आणि धारेवर येते. वाकडेपणा ०.३० मिमीचा होता, आणि त्याला औषध शोधलं जात होतं ०.०५ आणि ०.१० च्या मापात. वर धार उचलणारी शिम घातल्यावर त्याच कोपऱ्यातली फट १ मिमीच्या घरात गेली होती. त्या दिवशीची मोठी जखम त्यातलीच.

काय केलं

आधी स्वच्छता. जुन्या बाजारातला रेझर दुसऱ्या कोणाच्या तरी कातडीवरून फिरलेला असतो. कोमट पाणी, भांडी धुण्याचं द्रव, मऊ टूथब्रश, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १५ मिनिटं. ब्लीच वापरलेलं नाही, त्याने मुलामा काळवंडतो. पितळी भांडी घासायची पावडर, चिंच, कोकम यांतलं काहीही लावायचं नाही. तांब्या-पितळेला ते ठीक, पण पावडरीने चांदीचा पातळ थर घासून जातो आणि आंबट पदार्थ उघडं पडलेलं पितळ खातात.

मग फणी सरळ करणं. सागवानाच्या ठोकळ्यावर चामड्याचा तुकडा, त्यावर फणी उलटी, आणि झुकलेल्या कोपऱ्याच्या मागे लाकडी गोल दांडीने अंगठ्याचा दाब. ठोकायचं नाही. दाब सोडल्यावर पितळ थोडं मागे येतं, त्यामुळे किती वाकलं ते प्रत्येक वेळी ब्लेड बसवून मोजावं लागतं. पहिल्या दाबाने ०.९० चं ०.८०, दुसऱ्याने ०.७०.

उरलेला फरक प्लेटचा नव्हता, एकट्या शेवटच्या दात्याचा होता. तो गुळगुळीत जबड्याच्या पकडीत, मधे चामडं घालून धरला आणि वर घेतला. जास्त वर गेला. खाली घेतला, पुन्हा किंचित खाली गेला. तिसऱ्यांदा वर घेताना हाताला वाळकी काडी मोडल्यासारखं जाणवलं आणि दाता मुळाशी तुटून चामड्यात राहिला.

हे आमच्या हातून झालं आणि त्याचं कारण आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. पितळ थंड असताना वाकवलं की त्या जागी कडक होत जातं. एकदा वाकवलेलं सहसा टिकतं, दुसऱ्यांदा धोका वाढतो, उलटसुलट तिसऱ्यांदा वाकवणं म्हणजे तोडणंच. शंभर वर्षं जुन्या पत्र्यात आधीच्या आपटण्याचा ताणही साचलेला असतो. तापवून मऊ करण्याचा मार्ग इथे बंद होता, कारण तेवढ्या उष्णतेने मुलामा गेला असता आणि अख्खी प्लेट मऊ पडून पुढे प्रत्येक आवळण्याला वाकली असती.

तुटलेल्या जागेची कड सुईच्या बारीक कानशीने गोल केली, मग ६०० आणि १००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने गुळगुळीत. बोट फिरवून नाही, कापसाचा बोळा फिरवून तपासलं. तंतू अडकला नाही तेव्हा थांबलो. नशिबाने तो टोकाचा दाता होता. मधला गेला असता तर तिथे कातडी फुगायला खिडकी मिळाली असती आणि ही फणी बाद करावी लागली असती.

शेवटची मापं: ठिपक्याच्या बाजूला ०.६५, ०.६५, ०.६०. पलीकडची बाजू जशी होती तशी.

आता शिमशिवाय चार दाढ्या करून पाहायला सांगितलं. जखमा थांबल्या. हनुवटीवरची थरथर मात्र राहिली, आधीपेक्षा कमी पण होती. हा निकाल मोलाचा होता, कारण दोन तक्रारींची दोन कारणं प्रथमच वेगळी झाली. जखमा वाकड्या फणीच्या, थरथर पातळ ब्लेडची. शिम आता कशासाठी घालायची ते नक्की ठरलं.

शिम कशी केली

०.०५ मिमीचा पितळी पत्रा कात्रीने नुसता कापला तर कडा चुरगळतात. म्हणून तो दोन जाड पुठ्ठ्यांच्या मधे चिकटपट्टीने बांधून, पुठ्ठ्यासकट कापला. लांबी ब्लेडइतकी, ४३ मिमी. ब्लेडची रुंदी २२ मिमी, शिमची १९. म्हणजे दोन्ही बाजूंना धारेपासून १.५ मिमी आत. हे अंतर महत्त्वाचं आहे. शिम याहून अरुंद झाली तर ब्लेडला आधार मिळत नाही आणि फक्त धार उचलली जाते, थरथर तशीच. धारेच्या अगदी जवळ आली तर साबण अडकतो आणि शिमची कड कातडीला लागते.

भोकांसाठी पाकिटातलं तीन भोकांचं जुनं ब्लेड कामाला आलं. तेच साचा म्हणून पत्र्यावर ठेवून बारीक मार्करने खुणा केल्या. पत्रा लाकडाच्या दोन पट्ट्यांमधे शिकंज्यात दाबून ड्रिल केलं. लाकडाशिवाय ड्रिल केलं तर एवढा पातळ पत्रा बिटला गुंडाळला जातो. मग दोन्ही अंगांनी १००० नंबरचा पेपर हलकेच फिरवून बर, म्हणजे भोकांच्या कडेला उठलेली धातूची बारीक कोर, काढली. बोटाच्या नखाला न जाणवणारी बरसुद्धा एका बाजूने ब्लेड उचलते, आणि सरळ केलेल्या फणीचं काम वाया जातं.

पितळ निवडण्याचं आणखी एक कारण आहे. ब्लेड कापून केलेली शिम कडक पोलादाची, ती कातरताना तुकडा उडतो. ज्यांना तसंच करायचं आहे त्यांनी डोळ्यांवर गॉगल घालावा आणि ब्लेड व कात्रीचं तोंड पारदर्शक पिशवीत ठेवून कापावं. कापलेल्या धारा कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई घरोघरचा कचरा हाताने वेगळा करतात. झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात धारा साठवाव्यात, डब्यावर ‘ब्लेड’ असं ठळक लिहावं आणि तो हातात वेगळा द्यावा.

जोडण्याचा क्रम असा: टोपी उलटी तळहातावर, तिच्या पिनांवर ब्लेड, ब्लेडवर शिम, शिमवर फणी, मग हँडल. उलटं धरलेलं असल्याने वर दिसणारी शिम वापरताना ब्लेडच्या खाली येते. क्रम चुकून शिम टोपी आणि ब्लेडच्या मधे गेली तर परिणाम उलटा होतो. टोपी उचलली जाते, धार तिच्या आड जाते आणि रेझर बोथट वाटतो. हँडल आवळण्याआधी ब्लेडच्या दोन आखूड टोकांना, धारेला नव्हे, अंगठा आणि मधलं बोट लावून ब्लेड मधोमध धरायचं आणि तसंच धरून आवळायचं. नव्या खाचेत जुन्या पिनांना किंचित खेळ असतो. हे केलं नाही तर एका बाजूला धार जास्त बाहेर राहते. आवळल्यावर टोपीच्या वरून पाहून दोन्ही बाजूंची दिसणारी धार सारखी आहे का ते बघावं, नसेल तर सैल करून पुन्हा. आवळायचं बोटांनी, पान्याने कधीच नाही.

निकाल

०.०५ च्या शिमनंतर हनुवटीवरची थरथर जवळपास गेली. तीन दिवसांची वाढ काढताना ओठाखाली अजून थोडी जाणवते. जबड्याखाली नवी जखम झाली नाही. तुलनेसाठी कापलेल्या ब्लेडची ०.१० ची शिम सरळ केलेल्या फणीवर एकदा घालून पाहिली. थरथर पूर्ण थांबली, पण गळ्यावर दिवसभर आग राहिली. गृहस्थांनी ०.०५ कायम केली. ब्लेड चार दाढ्यांनंतर बदलतात. कंपनी आता कोणतीही चालते, त्यांनी सगळ्यात स्वस्तातलं पाकीट घेतलं.

एक नवं काम मात्र वाढलं. ब्लेड आणि शिमच्या मधे पाणी ओढलं जातं आणि ते आपोआप सुकत नाही. पहिल्या आठवड्यात रेझर न उघडता ठेवला, तर ब्लेडवर भोकांभोवती तपकिरी वलयं आली. आता प्रत्येक दाढीनंतर तिन्ही भाग आणि शिम सुटे करून धुतले जातात आणि फडक्यावर पसरून ठेवले जातात. शिमशिवाय वापरताना एवढं करावं लागत नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

फणी फिरवून पाहण्याची तपासणी पहिल्याच जखमेनंतर व्हायला हवी होती. गृहस्थ रोज मायक्रॉनमध्ये मोजणारे, पण घरच्या वस्तूला गेज लावायचं त्यांना सुचलं नाही. जुना रेझर हाती आला की ब्लेड बसवून सहा ठिकाणची फट मोजून ती कागदावर लिहायची आणि मगच पहिली दाढी करायची, हा क्रम आम्ही आता सगळ्यांना सांगतो. टोकाटोकांत ०.१० पर्यंतचा फरक सोडून द्यावा. जुन्या पत्र्याला तेवढा हात लावण्यात धोका जास्त, फायदा कमी.

दात्याच्या बाबतीत चूक निर्णयाची होती. प्लेट सरळ करून कोपरा ०.७० वर आला, तेव्हा तो बाकीच्या फणीपेक्षा ०.०५ ते ०.१० नेच जास्त होता. म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेत बसत होता. तिथे थांबून शिमशिवाय दाढी करून पाहिली असती तर बहुधा जखमा तेव्हाच थांबलेल्या दिसल्या असत्या आणि दाता वाचला असता. आकडा सुंदर दिसावा म्हणून आम्ही पुढे गेलो. आता एकट्या दात्याला हात लावायचाच झाला तर एकाच दिशेने, एकदाच, आणि लक्ष्याच्या अलीकडे थांबतो.

०.१० ची शिम आधी घातली गेली तीही पूर्ण वाया गेली असं म्हणता येत नाही. तिने थरथर कमी केली, यावरून आधाराचा प्रश्न खरा आहे हे कळलं होतं. फक्त त्याच दिवशी जखम मोठी का झाली, हे तिथेच विचारायला हवं होतं.

शिमची दुसरी प्रत त्याच पत्र्यातून करून डबीत ठेवली आहे. एवढा पातळ पत्रा धुताना कधीतरी दुमडणार, आणि दुमडलेली शिम सरळ करून पुन्हा वापरायची नाही. तीन भोकांचं एक गंजकं ब्लेड, धारा कापून, साचा म्हणून तिच्याच शेजारी आहे.